तारीख आणावयास धाडिली त्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक, श्रीशारदेचे चरणी लेखणी आणि श्रीमुद्रांकाचे चरणी उरलेसुरले जे काही ते ठेवून लिहिण्यास आरंभ करितो. आपण विचारणा केली की, कानविंद्यांची दौलत ऐसी बळकट, चाळीस वर्षांत तिचा एकही दावा घाईने निकालात निघाला नाही, तिला एका नवख्या मुलीने सात महिन्यांत खिंडार पाडिले ते कोणे रीतीने, याचा खुलासा निर्भीडपणे लिहून धाडावा. तर निर्भीडपणे लिहितो. नाव मात्र लिहीत नाही, कारण अद्याप त्याच दौलतीत चाकरीस आहे आणि आबासाहेबांची नजर बारीक आहे.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी उन्हाळी सुट्टी सरोन दिवाणी न्यायमंदिराची कवाडे उघडली आणि पंख्यांवरील धूळ वकिलांचे मस्तकी पडो लागली, ते समयी न्यायमंदिरासमोर, झेरॉक्सचे दुकानाचे वरले मजल्यावर कानविंदे दौलतीची राजधानी नांदत होती. गादीवर श्रीमंत आबासाहेब कानविंदे विराजमान. मागे काचेचे कपाट, त्यात कायद्याचे ग्रंथ सोनेरी अक्षरांचे, आणि कपाटाची किल्ली आबासाहेबांचे तीर्थरूपांचे वेळेस हरवली ती आजतागायत सापडली नाही, आणि तिजवाचून कोणाचे अडलेही नाही. गादीचे वर भिंतीस चौकट, चौकटीत देवाची तसबीर असावी ती नसोन कोर्टाचा एक हुकूम होता, तो शके १९२७ पार्थिवनाम संवत्सरी आबासाहेबांनी एका बैठकीत जिंकोन आणिला होता. त्यात मजकूर एवढाच की, दावा चालेतो वादाचा बोळ 'जैसे थे' ठेवावा. नवा अशील आला म्हणजे आबासाहेब काही बोलत नसत, नुसते त्या चौकटीकडे बोट दाखवीत, आणि अशील हात जोडीत असे.

या दौलतीचा रिवाज ऐसा की, युद्ध सहसा करावयाचे नाही, तारीख आणावयाची. आबासाहेब म्हणत, "युक्तिवाद केला की हरायची भीती. तारखेत कोणी हरल्याचं ऐकलंय का?" म्हणोन रोज सकाळी दहाचे सुमारास फौज जिना उतरे, आणि सायंकाळी कोणी दीड महिन्याची, कोणी तीन महिन्यांची तारीख घेऊन परते, आणि विठोजी कारकून त्या तारखा भिंतीवरील फळ्यावर खडूने मांडीत. ज्याची तारीख सर्वांत लांबची त्यास आबासाहेब स्वतःचे चहातील अर्धा चहा बशीत ओतोन देत. हा मान मिळावा म्हणोन पदवीधर मुले बहुत झुरत. विठोजी कारकून म्हणजे गृहस्थ बहुत शहाणा, सालस आणि पगाराचे मानाने अति कष्टाळू, हे ओघात आले म्हणोन लिहिले.

त्या ज्येष्ठात शर्वाणीबाई नाखरे या नूतन सनद घेऊन दौलतीत दाखल जाहल्या. वय चोवीस, विद्यापीठात दुसऱ्या, आणि कॉलेजात जे लुटुपुटीचे कोर्ट भरवितात त्यात पहिले बक्षीस मिळविलेल्या. आबासाहेबांनी मुलाखत घेतली ती ऐसी. "अक्षर कसं आहे?" त्या म्हणाल्या, "सर, मूट कोर्टात मला बेस्ट स्पीकरचं—" आबासाहेब म्हणाले, "ते असू दे. अक्षर कसं आहे?" त्या म्हणाल्या, "चांगलं आहे, सर." मग आबासाहेब प्रसन्न होऊन बोलिले, "मग उद्यापासून ये." येणेप्रमाणे नेमणूक जाहली, आणि बसावयास कपाटाजवळील खुर्ची दिली, तिचा एक पाय आखूड, आणि खाली घडी करून घातलेला कागद काढोन पाहता तो एका जुन्या दाव्यातील साक्षीपुरावा निघाला.

दुसरे दिवशी विठोजींनी दीक्षा दिली. कोट कैसा घालावा, पांढरे बँड कैसे बांधावे, न्यायाधीश वर पाहतील तेव्हा आपण खाली कैसे पाहावे, हे सर्व शिकवोन मग कानात आठ शब्दांचा मंत्र दिला, तो ऐसा, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, कृपया पुढची तारीख द्यावी." शर्वाणीबाईंनी विचारिले, "पण काका, सर तर इथेच चहा घेतायत." विठोजी म्हणाले, "पोरी, दुसरं कोर्ट म्हणजे काही जागा नव्हे. ते मानायचं असतं." आणि आज्ञा ऐसी की, पहिली तीन वर्षे या मंत्रावाचून कोर्टात एक अक्षर बोलावयाचे नाही. बाईंस हे कडू लागले, परंतु घरी वडिलांनी सगळ्या नात्यागोत्यात पेढे वाटिले होते, ते परत कैसे घ्यावे, म्हणोन गप्प राहिल्या आणि मोहिमेवर निघाल्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात एकवीस तारखा आणिल्या, आणि आषाढात तर एकदा सव्वाचार महिन्यांची तारीख आणिली, तेव्हा अर्ध्या चहाची बशी त्यांस मिळाली. ती पिताना बाईंचे तोंड कडवट जाहले, चहात साखर असोनही. पुढे पुढे त्या झोपेत मंत्र बोलत, असे त्यांच्या आईने फोनवर विठोजींस कळविले.

आता चौकटीतील हुकुमाचा जो दावा, त्याची हकीकत लिहितो. दाव्याची मालकीण हिराबाई वाघचौरे, वय सत्तरीपुढे. यांचे घर जुने पेठेत, पुढील दारास नऊ उंच पायऱ्या, आणि मागील दारातून सपाट बोळ थेट चौकापर्यंत. चौकात हिराबाईंचे यजमान दत्तोबा यांची घड्याळे दुरुस्तीची टपरी. बोळाचे तोंडाशी शेजारी गुलाबराव मोहळकर यांणी लोखंडी फाटक बसवोन कुलूप घातले, हिराबाईंचे त्यांजशी कडाक्याचे भांडण जाहले, आणि त्या तडक आबासाहेबांकडे आल्या, आणि आबासाहेबांनी दोन दिवसांत 'जैसे थे' मिळविला. मग एकोणीस वर्षे तारखा पडत गेल्या. दत्तोबा पुढील दाराने नऊ पायऱ्या उतरोन वळसा घालोन टपरीस जात, परंतु सहा वर्षांखाली त्यांचे खुब्याचे हाड मोडले आणि ते चाकाचे खुर्चीवर आले. तेव्हापासोन पायऱ्या उतरणे नाही आणि बोळ उघडा नाही, म्हणोन घरात खिडकीपाशी बसोन राहिले आणि टपरीस टाळा लागला.

हिराबाई प्रत्येक तारखेस येत. आणि लिहिण्यास नवल वाटते, परंतु खरे तेच लिहितो, वादी हिराबाई आणि प्रतिवादी गुलाबराव एकाच सहा आसनी रिक्षातून येत, एकाच बाकावर बसत, गुलाबरावांचे डबीतील सुपारी हिराबाई खात, हिराबाईंची भाजी गुलाबराव खात, नातवंडांची लग्ने, गुडघ्यांची दुखणी सर्व बोलत. बोळाचा शब्द मात्र कोणी काढीत नसे. कारण उभयतांचे वकिलांनी बजाविले होते, "समोरच्या पार्टीशी दाव्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही." शर्वाणीबाई तारीख आणावयास जात तेव्हा हिराबाई त्यांचा हात धरोन विचारीत, "पोरी, आज उघडंल का गं? म्हातारा इचारतोय. म्हनतो, एकडाव टपरीत बसतो, मग काय बी होऊ दे." शर्वाणीबाई म्हणत, "आजी, बघू आज काय होतंय," आणि आत जाऊन मंत्र बोलत, आणि बाहेर येऊन हिराबाईंचे तोंडाकडे पाहाणे टाळीत. ऐसे तीन वेळा जाहले. तिसरे वेळी बाई स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ नळ सोडोन उभ्या राहिल्या, हे झाडूवालीने सांगितले.

मग मार्गशीर्षाचे अखेरीस हुकूम आला की, न्यायमंदिरातील सर्व जुने दावे संगणकात चढवावयाचे, सबब प्रत्येक फाईलचे पानास आकडा घालावा. पाने घालणे हे काम दौलतीत अति हलके, म्हणोन ते नवख्याकडे जाते, आणि रिवाज ऐसा की पानाचा उजवा कोपरा तेवढा पाहावा, मधील मजकुराकडे नजर जाऊ देऊ नये, नाही तर काम लांबते. विठोजींनी वाघचौरे फाईल शर्वाणीबाईंपुढे ठेविली. त्यांजपाशी ढिगात दुसऱ्या चाळीस होत्या, परंतु तीच का ठेविली हे विठोजींस कोणी विचारिले नाही आणि त्यांणीही सांगितले नाही. बाई पेन्सिल घेऊन एक, दोन, तीन ऐसे आकडे घालीत चालिल्या आणि एकतीसवे पानाशी थांबल्या. ती गुलाबरावांची कैफियत, दाव्यास दिलेले लेखी उत्तर, पार्थिव संवत्सरीचीच, आणि तिचे चौदावे परिच्छेदात लिहिले होते की, वादीस सदर बोळातून जाण्यायेण्याचा हक्क वडिलोपार्जित आहे, तो या प्रतिवादीस कबूल आहे, आणि कुलूप काढण्यास प्रतिवादीची हरकत नाही. बाईंनी पान उलटिले, परत आणिले, परत वाचिले, आणि पेन्सिल खाली ठेविली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी दावा लाविला ती समोरच्याने पहिल्याच साली कबूल केली होती, आणि ते पान उभय दौलतींत एकोणीस वर्षे कोणी वाचिले नव्हते.

बाई धावत आबासाहेबांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, "सर, कबुली आहे! परिच्छेद चौदा! या कबुलीवर लगेच हुकूमनामा मागता येतो, तोंडी अर्ज केला तरी चालतो!" आबासाहेबांनी बशी खाली ठेविली आणि म्हणाले, "तुला पानं घालायला सांगितली होती की वाचायला?" बाई म्हणाल्या, "सर, हिराबाईंचे यजमान सहा वर्षं घरात अडकून आहेत." तेव्हा आबासाहेब अति मायेने बोलिले, "बाळ, दावा लोणच्यासारखा असतो. मुरू द्यावा लागतो. नवीन नवीन असताना मलाही असंच वाटायचं. येत्या गुरुवारी बोर्डावर आहे ना? चांगली लांबची तारीख आण. आणि हे बघ, आठ शब्दांच्या वर एक शब्द बोललीस तर शुक्रवारी यायचं नाही." आबासाहेब स्वभावाने दुष्ट नाहीत, हे चाळीस वर्षे पाहातो म्हणोन लिहितो, परंतु चौकटीखाली बसोन बसोन त्यांस चौकट खरी आणि माणूस खोटे वाटो लागले होते.

पौष मासी तो गुरुवार उगवला. न्यायासनावर नव्याने बदलून आलेल्या न्यायाधीश बाईसाहेब. पुकारा जाहला, आणि पलीकडून विरुद्ध दौलतीचा कनिष्ठ वकील उठोन म्हणाला, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत." शर्वाणीबाई उठोन म्हणाल्या, "आमचेही साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत." बाईसाहेब म्हणाल्या, "दोघेही एकाच कोर्टात आहेत का? मग तिथेच मिटवून टाका म्हणावं." कोणी हसले नाही, कारण तारखेचे कामी विनोद करण्याची वहिवाट नाही. मग त्यांणी फाईल हाती घेतली, तिची जाडी पाहिली आणि विचारिले, "एकोणीस वर्षं? हा दावा आहे तरी कशाचा?" विरुद्ध पक्षाचा कनिष्ठ छताकडे पाहो लागला. शर्वाणीबाईंनी मागे पाहिले तो हिराबाई बाकाचे कडेवर येऊन बसल्या होत्या, पदराचे टोक मुठीत, आणि पेढे वाटिलेले वडील, आखूड पायाची खुर्ची, शुक्रवार, हे सर्व बाईंचे डोळ्यांपुढे एकदाच आले. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, पान एकतीस, परिच्छेद चौदा. प्रतिवादींनी वादीचा रस्त्याचा हक्क मान्य केलेला आहे. त्या कबुलीवर हुकूमनामा व्हावा, असा माझा तोंडी अर्ज आहे. वकीलपत्रावर माझं नाव आहे." हे चांगले चोवीस-पंचवीस शब्द जाहले.

बाईसाहेबांनी पान एकतीस काढिले, वाचिले, आणि म्हणाल्या, "प्रतिवादी हजर आहेत का?" गुलाबराव हात जोडोन उभे राहिले. बाईसाहेब म्हणाल्या, "हे तुम्हीच लिहून दिलंय?" "व्हय मॅडम. पैल्याच वर्षी." "मग कुलूप काढलं का नाही?" गुलाबराव गोंधळोन म्हणाले, "काढनार हुतो की. चार दिवसासाठीच लावलं हुतं, त्या आठवड्यात बोळात डुकरं शिरत हुती. पन मदीच ह्यांचा हुकूम आला, जैसे थे. वकील म्हनले, आता कुलपाला हात लावलास तर आत जाशील. म्हनून जैसे थे ठेवलं." ऐसे म्हणोन त्यांणी कोपरीचे आतून दोऱ्याला बांधलेली किल्ली काढिली आणि दाखविली. "परतेक तारखेला आनतो. न जानो, साहेबांनी इचारलं तर." हिराबाई उठोन उभ्या राहिल्या आणि कोर्टाचे भान सोडोन ओरडल्या, "मुडद्या! मांडीला मांडी लावून बसत हुतास, आन किल्ली खिशात?" गुलाबराव रडवेले होऊन म्हणाले, "वैनी, वकिलानं बोलू नगं म्हनलं हुतं!" बाईसाहेबांनी चष्मा काढोन डोळे पुसले, ते हसण्याने की कशाने हे कळले नाही, आणि तेथेच हुकूमनामा सांगितला की, बोळ मोकळा करावा, आजच.

सायंकाळी चार वाजता सर्व मंडळी फाटकापाशी जमली. शर्वाणीबाई कोटासकट आल्या, विठोजीही काही निमित्त काढोन आले. गुलाबरावांनी किल्ली घातली, परंतु कुलूप गंजोन दगड जाहले होते, किल्ली फिरेना. कोणी हातोडा आणिला. इतक्यात मागील दारातून आवाज आला, "फोडू नगा! सरका बाजूला." दत्तोबा खुर्चीवर. हिराबाईंनी खुर्ची ढकलत फाटकाशी आणिली. दत्तोबांनी मांडीवर आपली लहानशी पत्र्याची पेटी उघडिली, त्यात घड्याळाचे तेल, चिमटे, केसासारखे बारीक स्क्रू-ड्रायव्हर, सहा वर्षे पुसोन ठेविलेले. डोळ्यास भिंग लाविले, कुलूप तळहातावर तोलिले, टोकदार सळईने गंज खरवडिला, तेलाचा थेंब सोडिला आणि थांबले. अर्धी घटका सर्व गल्ली उभी. मग किल्ली फिरविली आणि खट् जाहले. दत्तोबा कुलपाकडे पाहात म्हणाले, "हितं आतल्या बाजूनं मी रोज दिसत हुतो की. कुनी तेलाची बाटली इचारली असती, तर दिली असती." मग हिराबाईंनी त्यांस बोळातून नेले, टपरीचा टाळा काढिला, आणि दत्तोबा आत बसले, आणि पहिले गिऱ्हाईक शर्वाणीबाई, त्यांणी हातातील चालू घड्याळ काढोन दिले आणि म्हणाल्या, "आजोबा, हे जरा मागे पडतंय." लिहिणाराचे डोळे भरून आले, ते येथे लिहितो आणि पुढे जातो.

शुक्रवारी दरबार भरला. विरुद्ध दौलतीचे धनी नानासाहेब यांचा फोन सकाळीच आला होता, ते दुःखाने म्हणाले, "आबा, आपल्या दोघांचं फार जुनं झाड गेलं." आबासाहेब गादीवर मलूल. शर्वाणीबाई पुढे उभ्या. आबासाहेब म्हणाले, "तुला काय आणायला पाठवलं होतं?" "तारीख, सर." "आणि आणलंस काय?" "हुकूमनामा." आबासाहेबांनी डोळे मिटिले आणि हुकूम दिले की, इतःपर पाने घालण्याचे काम यंत्राने करावे, आणि शर्वाणीबाईंनी सोमवारी येऊन आपले सामान न्यावे. मग चौकटीकडे पाहोन म्हणाले, "विठोजी, ती काढ." विठोजी म्हणाले, "साहेब, राहू द्या. खालची भिंत पांढरी पडलीय, लोक विचारतील." म्हणोन चौकट राहिली.

सोमवारी सकाळी आबासाहेब चहा घेत असता जिन्यावर गलबला ऐकू आला. विठोजींनी दार किलकिले करून पाहिले तो वरले पायरीपासोन झेरॉक्सचे दुकानापर्यंत माणसे, सर्व दौलतीचे जुने अशील, कोणी अकरा वर्षांचे, कोणी तेवीस वर्षांचे, एक आजोबा एकतीस वर्षांचे, ते दावा लाविला तेव्हा तरुण होते. सर्वांपुढे हिराबाई, आणि खाली रस्त्यावर खुर्चीवर दत्तोबा. आजोबा म्हणाले, "आमच्या फाईललासुद्धा पानं घालायची आहेत." विठोजींनी आत येऊन वर्दी दिली. आबासाहेब पांढरे पडले, चहाची बशी हातातच, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सांग त्यांना. साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत." विठोजींनी बाहेर जाऊन तसे सांगितले. हिराबाई म्हणाल्या, "असू द्या की तिथंच. आमाला ती पोरगी पायजे." ती पोरगी त्याच समयी सामान न्यावयास जिना चढत होती, ती मधल्या पायरीवर अडकली, पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना. मग आजोबांनी आपली फाईल तिच्या हाती दिली आणि खिशातून पेन्सिल काढोन दिली. ती पायरीवर बसली, कोटाच्या बाह्या वर केल्या आणि पहिले पान उलटिले. या वेळी आकडा मागाहून घातला, मजकूर आधी वाचिला.

सारांश, दावा एक, तारखा एकशे चौदा, कुलूप एक, तेल थेंबभर. शर्वाणीबाईंनी तेव्हापासोन दत्तोबांचे टपरीशेजारी टेबल मांडिले आहे, अशील तेथे जातात आणि फाईल वाचोन घेतात. फळ्यावर आता तारखा थोड्या, खडू एक पुरे होतो. येथे शाई संपली. आबासाहेब अद्याप दुसऱ्या कोर्टात आहेत.